नागपूरच्या उन्हात शेतावरच्या अतिथीगृहाची बाग कशी आखावी

नागपूरपासून तासाभराच्या अंतरावर, काटोल, कळमेश्वर, रामटेक किंवा उमरेडच्या बाजूला ज्यांची शेती आहे, अशा अनेक कुटुंबांनी शेतावर दोन-चार खोल्या बांधून पाहुण्यांची सोय करायला सुरुवात केली आहे. खोल्यांचे प्लास्टर वाळत असतानाच त्यांच्यापुढे बागेचा प्रश्न उभा राहतो, आणि बहुतेक वेळा त्याचे उत्तर आधीच ठरलेले असते: समोर हिरवळ, कडेने पाम आणि मध्ये कारंजे. या ठरलेल्या उत्तरावर पैसे घालण्यापूर्वी थोडे थांबून विचार करू इच्छिणाऱ्या, परंतु बागेच्या आखणीचा अनुभव नसलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी हा लेख लिहिला आहे.

आपल्याकडच्या बागेची परीक्षा मे महिन्यातल्या दुपारी तीन वाजता करावी, असे माझे ठाम मत आहे. त्या वेळी पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, कधी त्याच्याही वर जातो, आणि वावरातून गरम झळा येत असतात. अशा वेळी पाहुण्याला खोलीबाहेर खाट टाकून बसता येत असेल आणि त्यासाठी विहिरीचा उपसा वाढवावा लागत नसेल, तर आखणी जमली असे समजावे. ऑगस्टमध्ये शेताचा धुरा, म्हणजे बांधसुद्धा बागेसारखा दिसतो, त्यामुळे पावसाळ्यातल्या छायाचित्रांवरून कोणत्याही बागेविषयी मत बनवू नये. सावली आणि पाणी यांचा विचार आधी, फुलांचा नंतर, हा क्रम पुढच्या सर्व पायऱ्यांत पाळला आहे.

पहिली पायरी: जागा वर्षभर पाहणे

शक्य असेल तर एक उन्हाळा आणि एक पावसाळा जागेवर काढल्याशिवाय कायमचे झाड लावू नये. या काळात एका मोठ्या कागदावर आवाराचा साधा नकाशा काढावा आणि त्यावर विहीर, बोअर, कोठा, धुरे, पांदण रस्ता, विजेच्या तारा आणि आधीपासून उभी असलेली सर्व मोठी झाडे नोंदवावीत. जोराचा पाऊस पडत असताना छत्री घेऊन बाहेर पडावे आणि पाणी कुठून येते, कुठे साचते, कुठल्या कोपऱ्यातून निघून जाते, हे बाणांनी दाखवावे. पावसात काढलेली ही दहा मिनिटांची नोंद पुढे हजारो रुपयांची खोदाई वाचवते.

उन्हाची नोंद तितकीच महत्त्वाची आहे. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि तिथून जुलैच्या मध्यापर्यंत तो किंचित उत्तरेकडे असतो. याच दिवसांत सूर्य वायव्येकडे मावळतो, म्हणून उन्हाळ्यात सर्वांत जास्त तापणारी बाजू पश्चिम आणि वायव्य ही असते. दक्षिणेकडची भिंत उन्हाळ्यात फारशी तापत नाही. उलट डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला जेमतेम ४५ अंश उंचीवर असतो, त्यामुळे तेव्हा प्रत्येक वस्तूची सावली तिच्या उंचीइतकी लांब उत्तरेकडे पडते. १५ फूट उंच झाड हिवाळ्यातल्या दुपारी १५ फूट जागा थंड ठेवते. उन्हाळ्यातली बैठक पूर्वेला किंवा ईशान्येला आणि हिवाळ्यातली दक्षिणेला, हे सूत्र यातूनच निघते. खात्री करून घ्यायची असेल, तर सहा फुटांचा बांबू रोवून मे आणि डिसेंबर महिन्यांत सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी त्याच्या सावलीच्या टोकाशी खुंटी ठोकावी.

दुसरी पायरी: माती ओळखणे

नागपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात बसाल्ट खडकापासून बनलेली काळी, चिकण जमीन मोठ्या प्रमाणात आढळते, तर चढावर आणि टेकड्यांच्या उतारावर मुरमाड, बरड जमीन लागते. एकाच पाच एकरांत दोन्ही प्रकार असू शकतात. म्हणून बागेसाठी ठरवलेल्या प्रत्येक भागात तीन फूट खोल खड्डा घेऊन काळी माती किती खोल आहे आणि मुरूम कुठे लागतो, हे पाहावे. मग त्यातल्या एका खड्ड्यात पाणी भरून ते जिरू द्यावे, पुन्हा भरावे आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बघावे. चोवीस तासांनंतरही पाणी उभे असेल, तर त्या जागी निचरा नाही.

नवख्या माणसाला सर्वांत महाग पडणारी चूक इथेच होते. भारी काळ्या जमिनीत खोल खड्डा घेऊन त्यात शेणखत आणि पोयटा भरून रोप लावले, की तो खड्डा म्हणजे चिकण मातीचे भांडेच होते. पावसाळ्यात आजूबाजूचे पाणी त्यात उतरते, तळाशी साचून राहते आणि मुळे कुजतात. अशा जमिनीत खड्ड्यापेक्षा उंचवट्यावर लावणी करावी. जमिनीच्या वर एक ते दीड फूट उंच आणि चार फूट रुंद वरंबा करून त्यावर रोप लावावे आणि दोन वरंब्यांमधून उताराकडे चर काढावा. मुरमाड जमिनीत मात्र मोठा खड्डा, निदान दोन फूट लांब, रुंद आणि खोल, घ्यावाच लागतो, कारण तिथे मुळांना खायला काही नसते आणि पाणीही टिकत नाही.

काळी जमीन ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. याचा परिणाम झाडांइतकाच बांधकामावरही होतो. म्हणून फरशी, कट्टा किंवा वाट थेट काळ्या मातीवर कधीही बसवू नये. वरची दीड फूट माती काढून तिथे मुरूम भरावा आणि पाणी मारून चोपावा. काढलेली माती टाकून देऊ नये, कारण भाजीच्या वाफ्यांना आणि बरड भागातल्या खड्ड्यांना तीच लागते.

तिसरी पायरी: पाण्याचा हिशेब

नागपूरला वर्षाकाठी सरासरी १,००० ते १,१०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. १०० चौरस मीटर छपरावर १,००० मिलिमीटर पाऊस पडला आणि वीस टक्के वाया गेला असे धरले, तरी ८०,००० लिटर पाणी मिळते. छप्पर कवेलूचे असो वा पत्र्याचे, पन्हळ लावून पहिल्या दोन-तीन पावसांचे धुणे बाहेर सोडावे आणि नंतरचे पाणी गाळून विहिरीत किंवा टाक्यात घ्यावे. गाळणीशिवाय ते बोअरमध्ये सोडू नये.

खर्चाच्या बाजूला हिरवळ मांडून पाहू. मे महिन्यात गवताची हिरवळ टिकवायला दर चौरस मीटरला दिवसाला साधारण ७ ते ८ लिटर पाणी लागते. ५०० चौरस मीटर हिरवळ म्हणजे दिवसाला ३,५०० लिटरच्या पुढे आणि महिन्याला लाखाच्या वर. छपरावरून वर्षभरात मिळालेले सगळे पाणी एका महिन्यातही पुरत नाही, आणि ज्या काळात विहिरी तळाला गेलेल्या असतात त्याच काळात हे पाणी उपसावे लागते. मुलांना खेळायला आणि रात्री चटई टाकून बसायला हिरवळीचा एक तुकडा हवाच असेल, तर तो पूर्वेकडे, सावलीच्या कडेला, ५० ते ६० चौरस मीटरपुरता ठेवावा आणि त्यात आपली हरळीच वाढू द्यावी. ती उन्हाळ्यात पिवळी पडते आणि पहिल्या पावसाने परत येते.

अंघोळीचे आणि हात धुण्याचे पाणी हा दुर्लक्षित साठा आहे. एका पाहुण्यामागे निदान ५० लिटर धरले, तरी आठ पाहुण्यांचे रोज ४०० लिटर होतात. हे पाणी शौचालयाच्या पाण्यापासून पूर्ण वेगळे ठेवून आधी गाळ आणि तेलकटपणा अडवणाऱ्या छोट्या टाक्यात घ्यावे, तिथून वाळू-खडीच्या उथळ चरात सोडावे आणि त्या चरात कर्दळ आणि अळू लावावे. चराच्या शेवटी दहा-बारा केळी आरामात पोसल्या जातात. पाणी उघड्यावर साचू दिले तर डास होतात, म्हणून ते खडीच्या पृष्ठभागाखालीच राहील असे पाहावे. जिथे पाणी उघडे ठेवणे भाग आहे, तिथे गप्पी मासे सोडावेत.

शेततळे असेल तर पाहुण्यांना त्याचे फार आकर्षण वाटते, आणि म्हणूनच त्याबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. प्लास्टिकचे अस्तर असलेले तळे अत्यंत धोकादायक असते. ओल्या अस्तरावरून पाय घसरला की पोहता येणाऱ्या माणसालाही वर चढता येत नाही. तळ्याभोवती चारही बाजूंनी निदान पाच फूट उंच जाळी आणि कुलूप लागणारे फाटक असल्याशिवाय एकाही पाहुण्याला शेतावर उतरवून घेऊ नये. शिवाय काठावर पक्क्या बांधलेल्या गाठीच्या दोऱ्या आत सोडून ठेवाव्यात आणि जुन्या टायरच्या ट्यूब हाताशी असाव्यात.

चौथी पायरी: अंगण, ओसरी आणि बसण्याच्या जागा

आपल्याकडच्या जुन्या घरांत माणसे वर्षभर बाहेर बसत, कारण ओसरी, अंगण आणि झाडाखालची जागा अशी तीन ठिकाणे दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी उपयोगी पडत. अतिथीगृहाची आखणी करताना हीच रचना डोळ्यांपुढे ठेवावी. सकाळी चहा आणि तर्री-पोहे कुठे घेतले जातील, दुपारी कोण कुठे आडवे होईल, संध्याकाळी मुले कुठे धावतील आणि रात्री बाजा (खाटा) कुठे पडतील, हे आधी नकाशावर लिहावे आणि मग त्या जागांना झाडे, कट्टे आणि वाटा द्याव्यात.

अंगणाला सिमेंटचे काँक्रीट करू नये. काँक्रीट आणि फरशी दिवसभर ऊन शोषतात आणि रात्री उशिरापर्यंत ती उष्णता सोडत राहतात, त्यामुळे सूर्य मावळल्यावरही दोन-तीन तास तिथे बसवत नाही. चोपलेल्या मुरमावर माती, गव्हाचे कुटार आणि शेण यांचा लेप देऊन सारवलेले अंगण संध्याकाळी सडा मारला की लगेच निवते. त्याला आठवड्याला सारवण लागते आणि पावसाळ्यात ते उखडते, हे खरे आहे. ज्यांच्याकडे तेवढे मनुष्यबळ नाही त्यांनी नुसता चोपलेला मुरूम ठेवावा. तोही फरशीपेक्षा बरा. फरशी फक्त ओसरीच्या सावलीत घालावी.

पश्चिमेच्या भिंतीला पहिल्या दोन-तीन वर्षांत झाडाची सावली मिळणार नाही, म्हणून तिथे भिंतीपासून चार फूट अंतर ठेवून बांबूचा मांडव उभारावा. जूनमध्ये त्यावर दोडका, गिलके, कारले आणि वालाचे वेल चढवावेत. उन्हाळ्यात वेल वाळले की त्याच मांडवावर तुराट्या किंवा हिरवी नेट टाकावी. ओसरीच्या पश्चिम तोंडाला वाळ्याच्या ताट्या लावून त्यावर दुपारी दोनदा पाणी मारले, तर आत येणारी झळ सुसह्य होते. वाळ्याची लागवड आपणच तळ्याच्या बाहेरच्या उतारावर केली, तर मातीही धरून राहते; मात्र मुळे काढताना एका वेळी एकच पट्टा खणावा, नाहीतर बांध ढासळतो.

आवारात आधीपासून कडुनिंब, चिंच, मोह किंवा आंबा असेल, तर खोल्यांची जागासुद्धा त्याच्या सोयीने ठरवावी. तीस वर्षांचे झाड पैशाने उभे करता येत नाही. त्याच्याभोवती पार बांधण्याची हौस अनेकांना असते, पण बुंध्याभोवती माती चढवून वर काँक्रीट ओतले की साल कुजते आणि मुळांना हवा मिळत नाही. बुंध्यापासून निदान तीन फूट जागा मोकळी सोडून दीड फूट उंचीचा दगडी कट्टा सुटा रचावा आणि आतली जमीन मूळच्या पातळीवरच राहू द्यावी. असे झाड तोडण्याचा विचार मनात आला, तर सागवान, मोह, चिंच, आंबा अशा प्रजातींना महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू आहे आणि खासगी जमिनीवरही परवानगी लागते, हे ध्यानात ठेवावे.

पाचवी पायरी: झाडांची निवड

रोपवाटिकेत जाण्यापूर्वी प्रत्येक झाडाबद्दल एकच प्रश्न विचारावा: मे महिन्यात याला पाने असतात का? सागवान मे महिन्यात निष्पर्ण असतो, म्हणून तो धुऱ्यावर ठीक आहे, पण खोलीच्या पश्चिमेला निरुपयोगी. गुलमोहर ऐन उन्हाळ्यात फुलांनी भरतो, परंतु पाने तेव्हा विरळ असतात आणि वादळात त्याच्या फांद्या सहज मोडतात. बहावा एप्रिल-मेमध्ये पिवळ्या घोसांनी सुंदर दिसतो, तरी त्याच्याखाली बसता येत नाही; तो दुरून दिसेल अशा जागी लावावा. याउलट करंजाला एप्रिलपर्यंत कोवळी पालवी येऊन दाट सावली पडते. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने झाडून उन्हाळ्यापूर्वी पुन्हा भरतो. चिंच, आंबा आणि जांभूळ हिरवेच असतात. पश्चिम आणि वायव्येला करंज आणि कडुनिंब, घरापासून जरा लांब चिंच आणि आंबा, ओलाव्याच्या जागी जांभूळ आणि अर्जुन, अशी विभागणी नागपूरकडे चुकत नाही. दक्षिणेकडे शिरीष चालतो, कारण तो हिवाळ्यात पाने गाळतो आणि हवे असलेले ऊन येऊ देतो.

वड, पिंपळ आणि उंबर पक्ष्यांना बोलावतात, म्हणून आवारात एकतरी असावा. मात्र ते इमारत, विहीर आणि टाक्यांपासून निदान ५० फूट लांब लावावेत. काळ्या जमिनीत मोठे झाड भिंतीजवळ असले, की ते उन्हाळ्यात पायाखालची ओल शोषून घेते आणि माती आकसून भिंतीला तडे जातात.

पळस शक्यतो विकत आणू नये. तो बहुतेक धुऱ्यांवर आधीच असतो आणि लोक झुडूप समजून तोडतात. फेब्रुवारीच्या अखेरीस तो फुलला की रामटेक-पेंचच्या वाटेवरचा सगळा मुलूख केशरी दिसतो, आणि शहरातून येणाऱ्या माणसाला हेच पाहायचे असते. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. झाडाखालची जागा झाडून ठेवली, तर पाहुण्यांना ती वेचायला मिळतात.

सुगंधासाठी खोलीच्या खिडकीसमोर, भिंतीपासून तीन फुटांपलीकडे मोगरा, वाटेच्या वळणावर पारिजातक आणि मांडवाच्या खांबांवर जाई-जुई पुरेशी आहे. कुंपणाला मेहंदी, निर्गुडी, अडुळसा आणि सीताफळ लावावे. यांतल्या बहुतेकांना गुरे तोंड लावत नाहीत आणि पाणीही फार लागत नाही. पिवळी कण्हेर आणि धोतरा विषारी असल्यामुळे लहान मुले वावरतात तिथे नकोत. झटपट वाढते म्हणून कोनोकार्पस खपवला जातो. त्याच्या दुष्परिणामांमुळे गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे, तेव्हा तो घेऊच नये. सुबाभूळ एकदा शिरली की निघत नाही.

भाजीचा वाफा स्वयंपाकघराच्या दारापासून वीस पावलांत असावा. लांब असला की तिथून कोणी काही आणत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा भाजीचा खरा हंगाम. भरताची वांगी, टमाटर, सांबार (कोथिंबीर), मेथी, पालक, वाल, कडेने गोडलिंब आणि गवती चहा, शिवाय भिवापुरी मिरची आणि वायगावची हळद यांची एकेक ओळ असली, म्हणजे ताटातल्या पदार्थाचे झाड पाहुण्याला दाखवता येते. अंगणाला लागून चार-पाच गुंठे ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरली, तर थंडीत तिथेच हुरडा भाजता येतो.

सहावी पायरी: संत्र्याच्या बागेचा मान राखणे

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि पाहुण्याला संत्र्याच्या झाडाखाली उभे राहायचे असते, हे स्वाभाविक आहे. परंतु शोभेची बाग आणि संत्र्याची बाग यांच्या गरजा परस्परविरोधी आहेत. हे मी नुकसान सोसून शिकलो. पहिल्या वर्षी खोल्यांसमोरच्या बारा संत्र्यांच्या मधल्या जागेत मी हिरवळ केली आणि तिच्यावर फवाऱ्याने रोज पाणी दिले. दुसऱ्या पावसाळ्यात पाच झाडांच्या बुंध्यातून डिंक गळू लागला आणि वर्षभरात ती वाळली. झाडे जुनी, वडिलांनी लावलेली होती. डिंक्या हा फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसदृश जिवामुळे होणारा रोग आहे. बुंधा सतत ओला राहिला आणि मुळांशी पाणी साचले की तो बळावतो. हिरवळीने नेमकी तीच परिस्थिती तयार केली होती.

म्हणून संत्र्याखाली हिरवळ किंवा फुलांचे वाफे करू नयेत. नवीन लागवड सहा बाय सहा मीटरवर, काळ्या जमिनीत उंच वरंब्यावर करावी आणि कलमाचा जोड जमिनीपासून निदान अर्धा फूट वर ठेवावा. पाणी ठिबकने किंवा दुहेरी आळ्याने द्यावे, म्हणजे आतल्या आळ्यात बुंधा कोरडा राहतो आणि पाणी बाहेरच्या वर्तुळातच फिरते. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर बुंध्याला एक मीटर उंचीपर्यंत बोर्डो पेस्ट लावावी; त्यासाठी एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळा भिजवून एकूण दहा लिटर पाण्यात मिसळावा. कलमे ओळखीच्या, खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्यावीत. अमरावती मार्गावरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत रोगमुक्त कलमांविषयी चौकशी करता येते.

दुसरी अडचण ताणाची आहे. मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा घ्यायचा असेल, तर मे महिन्यात झाडांचे पाणी तोडून ताण द्यावा लागतो आणि पाने मलूल होऊन गळू लागतात. आंबिया बहारासाठी हाच ताण डिसेंबर-जानेवारीत द्यावा लागतो. ज्या दिवसांत पाहुण्यांची गर्दी असते, त्याच दिवसांत बाग सुकलेली दिसते. अशा वेळी पाहुण्यांच्या समाधानासाठी पाणी सोडण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. बागेच्या तोंडाशी एक लहान पाटी लावून ताण म्हणजे काय आणि त्यानंतर फूल कसे येते, हे चार ओळींत लिहावे; लोक ते आवडीने वाचतात. जानेवारीच्या अखेरीस आणि फेब्रुवारीत आंबियाची फुले उमलली, की संध्याकाळी त्यांचा वास खोल्यांपर्यंत येतो. म्हणून बागेवरून वारा येतो त्या बाजूला एक बैठक नक्की ठेवावी. फवारणीच्या दिवशी मात्र त्या बाजूच्या खोल्या कोणाला देऊ नयेत.

सातवी पायरी: वाटा, दिवे आणि कुंपण

वाट चार फूट रुंद, चोपलेल्या मुरमाची, मध्ये किंचित उंच आणि दोन्ही कडांना उतरती असावी. पावसात काळ्या चिखलात चपला रुततात, त्यामुळे वाहनतळ ते खोली आणि खोली ते जेवणघर या दोन वाटा सर्वांत आधी कराव्यात. वृद्धांसाठी पायऱ्यांऐवजी एक फूट उंचीला बारा फूट लांबी एवढा सौम्य उतार द्यावा.

दिवे गुडघ्याच्या उंचीचे, पिवळसर प्रकाशाचे आणि खाली तोंड असलेले लावावेत. उंच खांबावरचे पांढरे दिवे किड्यांना बोलावतात, किड्यांमागून बेडूक येतात आणि बेडकांमागून साप. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आपल्या भागात आहेत. म्हणून सरपण, विटा आणि कवेलूंचे ढीग खोल्यांपासून लांब ठेवावेत, भिंतीलगत तीन फूट पट्टा खडीचा आणि झाडोऱ्याशिवाय असावा, आणि प्रत्येक खोलीत विजेरी द्यावी. सर्पदंश झाल्यास हात किंवा पाय आवळून बांधण्यात आणि जखम कापण्यात वेळ न घालवता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. प्रतिविष जवळच्या कोणत्या रुग्णालयात मिळते, हे आधीच विचारून भिंतीवर लिहून ठेवावे.

रोही आणि रानडुकरे यांचा त्रास असलेल्या गावांत तारेचे कुंपण लागतेच. त्यात घरगुती वीज सोडणे बेकायदा आहे आणि त्याने माणसे मरतात. सौर कुंपणाचा कमी ऊर्जेचा झटका पुरेसा असतो. कुंपणाच्या आतून मेहंदी आणि निर्गुडीची ओळ घेतली, की दोन वर्षांत तार दिसेनाशी होते.

आठवी पायरी: कामांचा क्रम

नकाशा आणि मातीची पाहणी हिवाळ्यात पूर्ण करावी. एप्रिल-मेमध्ये चर, वाटा, मांडव आणि मुरमाड भागातले खड्डे करावेत आणि ते खड्डे उन्हात तापू द्यावेत. मग त्यात वरची माती, शेणखत आणि निंबोळी पेंड भरावी. लावणीची घाई पहिल्या सरीला करू नये. दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन हातभर ओली झाली, म्हणजे जूनच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत, रोपे लावावीत. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत देशी झाडांची रोपे स्वस्तात मिळतात. पिशवीत मुळ्या गोल गुंडाळल्या गेलेले उंच रोप घेण्यापेक्षा हातभर उंचीचे, ताजे रोप घ्यावे. तीन वर्षांत तेच पुढे निघून जाते. त्याच वेळी, मोठ्या झाडांच्या मधल्या जागेत हादगा, शेवगा आणि पपई लावावी, म्हणजे पहिल्या दोन उन्हाळ्यांत थोडीतरी सावली मिळते.

ऑक्टोबरात प्रत्येक रोपाभोवती पालापाचोळा आणि कुटार यांचे चार बोटे जाड आच्छादन द्यावे, पण ते बुंध्याला टेकू देऊ नये. पहिल्या दोन उन्हाळ्यांत रोज थोडे पाणी देण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा भरपूर द्यावे, त्यामुळे मुळे खोल जातात. दरम्यान, अतिथीगृहाची नोंदणी राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे करून घ्यावी.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात दुपारी तीन वाजता प्रत्येक बैठकीवर अर्धा तास बसून पाहावे आणि ऊन अंगावर कुठून येते, ते नकाशावर लिहावे. जिथे करंज किंवा कडुनिंबाची सावली पोहोचू लागली असेल, तिथला हादगा आणि शेवगा पावसाळ्याच्या तोंडावर काढावा, नाहीतर मोठी झाडे उजेडासाठी एकीकडे झुकतात. ज्या भिंतीवर अजून ऊन येते तिथला मांडव आणखी एक वर्ष राहू द्यावा. उरलेल्या मांडवांची नेट उतरवून कोरड्या जागी गुंडाळून ठेवावी, कारण अवकाळी वादळात एखादी मोठी फांदी गेली की नेट पुन्हा बांधावी लागते.